पुण्यात कुठला आलाय समुद्र?

दिवस पहिला : विश्रांतवाडी

"सात वर्षं समुद्रावर नजर ठेवली आम्ही. इथनं, लोहगावातनं."

आमच्या सोसायटीतले काका हे वाक्य गेली तीन-चार वर्षं मला ऐकवतायत आणि मी दर वेळी तोच प्रश्न विचारतो, "काका, पुण्यात कुठला आलाय समुद्र?" ते नुसते हसतात. काका मूळचे साताऱ्याकडचे. १९५९ साली हवाई दलात एअरमन म्हणून भरती झाले, इंजिन फिटर झाले आणि १९६१ पासून १९६८ च्या अखेरीपर्यंत लोहगावला, म्हणजे पुण्याच्या हवाई तळावर, सहा नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये (विमानांच्या तुकडीत) लिबरेटर विमानांची इंजिनं सांभाळत बसले.

लिबरेटर म्हणजे बी-२४. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकेचं चार इंजिनांचं बाँबफेकी विमान. अठरा हजारांहून जास्त बनली, तेवढं दुसरं कुठलंच अमेरिकी लढाऊ विमान बनलं नाही. शहरांवर बाँब टाकायला जन्माला आलेलं हे धूड आपल्या हवाई दलात १९५१ पासून समुद्राच्या टेहळणीला लागलं, तेही पुण्यातून. हे मला काकांकडूनच कळलं.

मग या विमानांचा माग काढत बंगळूर, कानपूर, दिल्ली, गोवा असं फिरून यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. काकूंनी चहा ठेवला. काका गॅलरीत बसून हातवारे करत सांगत होते. "सकाळी पहिलं काम पंखे फिरवायचं. हातानं! एका इंजिनाला चौदा सिलिंडर, गोलात दोन रांगांनी लावलेले. रात्रभर तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत जमतं. तसंच स्टार्टर मारलास तर पिस्टन तेलावर आपटतो आणि रॉड वाकतो. म्हणून दोघांनी पात्याला खांदा लावून ढकलायचं. एक पातं गेलं की दुसरं, मोजत मोजत. अशी चार इंजिनं. थंडीत त्यातच घाम निघायचा."

विमान समुद्रावरून परतलं की त्याला आधी आंघोळ. अरबी समुद्रावर खालून उडायचं, खारं पाणी सगळीकडे बसायचं, ते गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय कुणी पाना हातात घ्यायचा नाही. काकांच्या मते विमानं पुण्यात ठेवायचं कारणही तेच. मुंबईला ठेवली असती तर उभ्या उभ्या गंजली असती. हे अधिकृत कारण आहे की फिटर लोकांचं, देव जाणे. पण मला पटलं.

उठताना त्यांनी काम सांगितलं. "दिल्लीला, पालमच्या संग्रहालयात एक ठेवलंय. तिथं पोटाखाली जाऊन वास घे. पेट्रोलचा येतो का ते मला येऊन सांग."

दिवस दुसरा : उद्यान एक्स्प्रेस

विमानानं बंगळूर दीड तासाचं. पण मला सोलापूर मार्गे जायचं होतं, म्हणून उद्यान एक्स्प्रेस. दुपारी पुणं सोडलं. दौंडनंतर सगळा ऊस, मग हळूहळू काळी माती आणि कोरडं आभाळ. सोलापूरला उतरून शेंगा चटणीची दोन पाकिटं घेतली, पण सोलापूरचा हट्ट चटणीसाठी नव्हता. वालचंद हिराचंद या गावचे. जहाजं काढली, मोटारी काढल्या, साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसवलं आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमान कंपनी सुरू केली. हीच पुढची एचएएल, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स. सोलापूरच्या माणसाच्या कारखान्यानं दुरुस्त केलेली विमानं पुण्यात येऊन अरबी समुद्र धुंडाळू लागली. नकाशावर ही रेघ मला फार आवडते.

गुलबर्ग्याच्या पुढे अंधार पडला. बाजूच्या बर्थवरच्या दोन कॉलेजच्या पोरांनी विचारलं, बाँबर समुद्रावर काय करणार? प्रश्न रास्त होता. लिबरेटरचा पंख अरुंद आणि लांब, टोकापासून टोकापर्यंत ११० फूट, आणि विमानाची लांबी मात्र ६७. असा पंख हवेला कमी अडतो, तेवढ्याच पेट्रोलात लांब नेतो. उत्तर अटलांटिकच्या मध्यभागी एक पट्टा होता, तिथपर्यंत किनाऱ्यावरून कुठलंच विमान पोचायचं नाही. जर्मन पाणबुड्या नेमक्या तिथे दबा धरून बसायच्या आणि मालवाहू जहाजांचे तांडे फोडायच्या. ब्रिटिशांनी काही लिबरेटर घेतली आणि त्यांतलं चिलखत काढलं. पोटाखालचा मशीनगनचा गोल मनोरा काढला. बाँब ठेवायच्या खणात पेट्रोलच्या जादा टाक्या बसवल्या, उरलेल्या जागेत पाण्याखाली फुटणारे सुरुंग. वर रडार. पुढे काहींच्या उजव्या पंखाखाली ली लाइट नावाचा जबरदस्त सर्चलाइट आला. पाणबुडी रात्री वर येऊन बॅटऱ्या चार्ज करत असली की रडारनं जवळ जायचं आणि शेवटच्या क्षणी भप्पकन उजेड पाडायचा. पोटाचा रंगही बदलला. रात्रीच्या बाँबरचा काळा रंग गेला, पांढरा आला. ढगाळ आभाळाखाली पाण्यावरून वर बघणाऱ्याला काळं विमान लगेच दिसतं, पांढरं दिसत नाही.

"म्हणजे ढगाचा युनिफॉर्म," त्यातला एक म्हणाला. इतकं नेमकं मला सुचलं नव्हतं.

अशी लांब पल्ल्याची विमानं १९४३ च्या सुरुवातीला अगदी मोजकी होती. पण मे १९४३ मध्ये जर्मन नौदलप्रमुख डोनित्झनं उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या, त्यात या मोजक्यांचा वाटा मोठा होता.

दिवस तिसरा : बंगळूर

सकाळी उतरलो. रिक्षावाल्यानं सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही, बायको हे वाचते. जुन्या विमानतळ रस्त्यावर एचएएलचं वस्तुसंग्रहालय आहे, २००१ मध्ये उघडलेलं. पुढचा थांबा मराठाहळ्ळी. पाटी वाचून उगाच छाती फुगते.

संग्रहालय नीटनेटकं आहे. झाडं भरपूर, शाळेच्या सहली भरपूर. कापून आतून दाखवलेली इंजिनं आहेत, पोरं त्यांच्याभोवतीच घोटाळत होती. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्यानं इथे आखलेलं मरुत हे लढाऊ जेट आहे. एचटी-२ आहे, १९५१ मध्ये उडालेलं, आपल्या देशात आखून बनवलेलं शिकाऊ वैमानिकांचं विमान. ते आखणारे डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूरकडचे. त्याच्यापुढे मी जरा जास्तच रेंगाळलो.

लिबरेटरचा माग मात्र इथे थोडाच लागला. खरं तर कारखान्याचं सगळ्यात वेडं काम तेच. १९४३ मध्ये हा कारखाना अमेरिकी सैन्याच्या ताब्यात गेला आणि युद्ध संपेपर्यंत इथे त्यांच्या विमानांची डागडुजी चालली. म्हणजे बंगळूरच्या कारागिरांचा हात या परक्या विमानांवर बसलेला होता. युद्ध संपल्यावर काम आटलं. रेल्वेचे डबे बनवून दिवस काढले. आणि १९४८ मध्ये निरोप आला, कानपूरला मोडीत पडलेली लिबरेटर बघता का?

संध्याकाळी इंदिरानगरात डोसा खाल्ला. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, फक्त दोन खाल्ले.

दिवस चौथा : बंगळूर ते कानपूर

आज विमान, आणि तेही मुद्दाम. कानपूरचा विमानतळ चकेरीला, हवाई दलाच्याच धावपट्टीवर. मी ज्या वाटेनं उत्तरेकडे चाललो होतो त्याच वाटेनं १९४८-४९ मध्ये ती विमानं दक्षिणेला आली होती. दीड हजार किलोमीटर. मला सव्वादोन तास लागले, त्यांना साडेचार-पाच तरी लागले असतील.

ही विमानं अमेरिकेनं ब्रिटिशांना उधार-उसनवारीच्या करारावर दिलेली. युद्ध संपलं की परत करा, नाहीतर नष्ट करा, अशी अट. परत नेण्यात कुणालाच रस नव्हता. तेव्हा जवळपास शंभर लिबरेटर चकेरीला आणून ओळीनं उभी केली आणि त्यांची वाट लावली. इंजिनांत वाळू ओतली. यंत्रांच्या तबकड्या फोडल्या. काहींची चाकंच मोडून विमान पोटावर बसवलं. ही पुन्हा उडू नयेत, एवढाच हेतू.

एचएएलच्या लोकांनी शंभरांतली त्यातल्या त्यात बरी निवडली. एकाचा पंख दुसऱ्याला, तिसऱ्याचं इंजिन चौथ्याला. चकेरीलाच एकदा उडण्यापुरतं विमान उभं करायचं आणि बंगळूरला नेऊन तिथे पुरतं उघडायचं, अशी पद्धत. उडवायला एचएएलचे चाचणी वैमानिक जमशेद मुनशी. एक विमान बंगळूरला सोडायचं, परत यायचं, पुढचं घ्यायचं. एकूण ४२ विमानं आली आणि वाटेत एकही पडलं नाही.

खिडकीतून खाली नर्मदा जाताना दिसली असावी, ढग होते. मी विचार करत होतो की वाळू खाल्लेल्या इंजिनांवर इथून जाताना मुनशींचं लक्ष नेमकं कशाकडे असेल. तेलाच्या दाबाच्या काट्याकडे, असं काका म्हणाले असते. आमच्या विमानात शेजारचा गृहस्थ सँडविच गार आहे म्हणून हवाई सुंदरीशी हुज्जत घालत होता.

उतरताना फोटो काढू नका अशी सूचना झाली. दिसलं तेही काय, धुकं, भिंत आणि गवत.

दिवस पाचवा : चकेरी

सकाळी आठला धुकं एवढं की हॉटेलसमोरची चहाची टपरी वासावरून शोधली. हवाई दलाच्या तळात मला कोण सोडणार होतं? तरी रिक्षा करून भिंतीच्या कडेकडेनं गेलो. कुठे उभी केली असतील ती शंभर विमानं? रिक्षावाला भला माणूस. त्याचे वडील इथेच डेपोत खलासी, म्हणजे मदतनीस कामगार, होते. त्याला लिबरेटर माहीत नव्हतं, एव्हरो माहीत होतं. साहजिक आहे, १९६१ मध्ये भारतात जुळवलेलं पहिलं एव्हरो ७४८ इथूनच उडालं.

मी सवयीनं मोबाइल वर केला आणि त्याच क्षणी भिंतीवरून खणखणीत आवाज आला. फोटो पुसला, दोनदा माफी मागितली, चूक सर्वस्वी माझी. रिक्षावाला परतताना म्हणाला, "साहब, दीवार का फोटो लेकर क्या करोगे?" याचं उत्तर माझ्याकडे खरंच नव्हतं.

पण त्या भिंतीपलीकडे २ नोव्हेंबर १९४८ ला पाच नंबरचं स्क्वाड्रन उभं राहिलं, स्वतंत्र भारताचं पहिलं जड बाँबर स्क्वाड्रन, याच मोडीतल्या विमानांवर. जानेवारी १९५१ मध्ये सहा नंबरचं स्क्वाड्रन पुन्हा उभं केलं आणि त्याच्याकडे समुद्र दिला. महायुद्धात हेच स्क्वाड्रन मेहेर सिंगांच्या हाताखाली हरिकेन विमानांतून ब्रह्मदेशाच्या जंगलात शत्रू शोधायचं, चौदाव्या सेनेचे डोळे म्हणून त्याचं नाव झालेलं. म्हणजे बघण्याचं काम या स्क्वाड्रनला नवं नव्हतं, जंगलाऐवजी पाणी आलं इतकंच. १९५७ मध्ये पाच नंबरला कॅनबेरा जेट मिळाली आणि मग लिबरेटर म्हणजे सहा नंबरच, असं समीकरण होऊन बसलं.

दुपारची दिल्लीची गाडी संध्याकाळी आली. कानपूर सेंट्रलच्या फलाटावर पाच तास. धुक्याला कुणाचा इलाज? सोलापूरची चटणी आणि स्टेशनवरची पुरी-भाजी हा मेळ कुणी करून बघितला नसेल तर जरूर बघावा.

दिवस सहावा : पालम

रात्री अडीचला दिल्ली, सकाळी साडेदहाला पालम. हवाई दलाच्या संग्रहालयात आधी हँगरमध्ये शिरलो. लायसँडर नावाचं जुनं विमान दिसलं. बुटकं, जाड पायांचं, टोळासारखं. १९६८ मध्ये आपण कॅनडाला एक लिबरेटर दिलं आणि त्यांच्याकडून बदल्यात हे घेतलं. ते लिबरेटर आज ओटावात आहे. एक १९६९ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनाला गेलं, एक १९७४ मध्ये इंग्लंडला. जगात शाबूत लिबरेटर मोजकीच उरलीत, त्यांतली पाच-सहा आपल्याकडून गेलेली किंवा आपल्याकडे राहिलेली. बाकी बहुतेकांनी ती युद्धानंतर भंगारात घातली. आपल्याला ते परवडत नव्हतं.

आणि मग बाहेर उघड्यावर ते. लिबरेटर, नंबर एचई ९२४.

पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे ते किती खाली बसलंय. पंख वर खांद्यावर, आणि पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. गाभण म्हशीसारखं, हे मी प्रेमानं म्हणतोय. मागे दोन मोठी अंडाकृती शेपटं. बाँबच्या खणाची दारं बाहेर उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी अंगावरून वर गुंडाळत जातात. काकांनी हे शंभरदा सांगितलं होतं, तरी प्रत्यक्ष त्या पन्हाळी पत्र्याच्या ओळी बघून हसूच आलं. लक्ष्मी रोडवर रात्री नऊला जो आवाज येतो तोच इथे येत असणार. या शटरांवर पाय दिला तर ती निखळतात. आत मधोमध वीतभर रुंदीची पट्टी, तिच्यावरून पुढचा माणूस मागे जाणार. खाली शटर आणि शटरखाली अरबी समुद्र.

आणि अशा आत दहा-बारा तास. दिशादर्शक वरच्या पारदर्शक घुमटातून सूर्याची उंची घेणार, वारा किती ढकलतोय ते बघायला पाण्यावर धुराची नळकांडी टाकणार. रडारवाला पडद्याला डोळे लावून. एक ठिपका दिसला की खाली जाऊन बघायचं, मासेमारीची होडी आहे की दुसरं काही. काका म्हणतात, वैमानिक लोक परत आले की त्यांना पहिली काही मिनिटं धड ऐकू यायचं नाही. फिटरांनी काय बिघडलं विचारावं आणि त्यांनी "जेवण झालं" म्हणावं.

रंग उडालाय. घुमटाची काच पिवळट, तडकलेली. एका इंजिनाच्या तोंडात पाखरानं गवत कोंबलेलं. मी दोरीपाशी उभा राहून पोटाखाली वाकायला लागलो तसा रखवालदार आला. "अंदर मना है." मी त्याला काकांची गोष्ट सांगितली, सगळी, वासासकट. त्यानं ऐकून घेतलं, दोन पावलं मागे सरला आणि दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. मी दोरी ओलांडली नाही. दोन्ही गुडघ्यांवर बसून मान जेवढी पुढे जाईल तेवढी नेली आणि श्वास घेतला.

दिवस सातवा आणि आठवा : बोगमाळो

दिल्लीहून गोव्याच्या दाबोळी विमानतळावर, तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर बोगमाळोच्या चढावर नौदलाचं हवाई संग्रहालय. लिबरेटर संपल्यावर काय, याचं उत्तर इथे अंगणात उभं आहे. सुपर कॉन्स्टेलेशन, तीन शेपटांचं, माशासारखं वळलेलं. हे बाँबर कधीच नव्हतं. एअर इंडियाचं प्रवासी विमान, नाव 'रानी ऑफ एलोरा'. म्हणजे आपल्या वेरूळची राणी. एअर इंडियाला जेट मिळाल्यावर ही विमानं हवाई दलाकडे आली, त्यांतली काही लिबरेटरच्या जागी पुण्याला, सहा नंबरकडेच. नोव्हेंबर १९७६ मध्ये समुद्राच्या टेहळणीचं काम नौदलानं घेतलं आणि पुण्याचा समुद्र रीतसर गोव्याला गेला. पुढे रशियन इल्यूशिन आणि टुपोलेव आली. त्यांतल्या टुपोलेव-१४२ चा घाट मूळ बाँबरचाच. म्हणजे लिबरेटरची कल्पना दुसऱ्या देशातून फिरून परत आली होती.

संध्याकाळी बोगमाळोच्या वाळूत बसलो. डोक्यावरून विमान गेलं, समुद्राकडे. कुठलं ते ओळखता आलं नाही. दुसऱ्या दिवशी गोवा एक्स्प्रेसनं ब्रागांझा घाट, दूधसागरला डिसेंबरात पाण्याची बारीक धार, मिरजेला रात्रीचं जेवण.

पुन्हा विश्रांतवाडी

सकाळी आंघोळ करून काकांकडे. पालमचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून, मोबाइल नाकाशी नेऊन एकेक बघितला. गवत कोंबलेलं इंजिन दिसल्यावर म्हणाले, "तीन नंबर." आतलं उजवं. मी फोटो परत बघितला, बरोबर होतं.

"वास?"

"नाही आला काका. धुळीचा आला. आणि पाखरांचा."

"दोरीच्या बाहेरून घेतलास?"

"हो."

"मग कसा येईल," ते म्हणाले आणि काकूंना चहाचं सांगायला आत गेले.